अंड्यावर घेतलेला आळ

स्फॅक्स,
१८ नोव्हेंबर

आईंना नौफलचा सलाम.

आज सिरीनला घेऊन दवाखान्यात गेलो. नऊला नंबर लागला, बाराला घरी आलो. वजन साडेसात किलो भरलं. खालचा एक दात आलाय.

डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून उकडलेलं अंडं थोडंथोडं भरवलं आणि दोन तास थांबवून ठेवलं. पुरळ नाही, ओठ सुजले नाहीत. उलट आणखी हवं म्हणून रडली.

म्हणजे त्या दिवशी तुमच्या अंड्याने काही झालं नव्हतं. तरी अंगावर गांधी उठल्या तेव्हा मी शेजाऱ्यांदेखत म्हणालो, "लेक गेली, आता नातही घालवायची आहे का?" तुम्ही म्हणालात, "जावईबापू, सहा लेकरं अंड्यावर वाढवली मी. हिलाच कसं बाधेल?" आणि संध्याकाळच्या बसने महदियाला निघून गेलात. तेव्हापासून दूध आणि बटाटा. बटाटा दिसला की ती तोंड फिरवते, मी चिडतो, मग ती रडते. रोज तेच.

"त्या दिवशी आणखी काय दिलं होतं?" हे डॉक्टरीणबाई महिनाभर विचारत होत्या. मी "काही नाही" म्हणत होतो. आज सांगितलं. तुम्हालाही सांगायला हवं.

तुम्ही स्वयंपाकघरात अंडं सोलत होतात, तेव्हा मी आतल्या खोलीत तिला तेलात कालवलेला ब्सीसा बोटाने चाटवला. रौदाने जायच्या आठवडाभर आधी सगळं धान्य भाजून, दळून ठेवलेला. डबा मी कपाटात तिच्या कपड्यांमागे लपवला होता. आईच्या हातचं काहीतरी पोरीच्या पोटात जावं, एवढंच मनात होतं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "गहू, हरभरा, मसूर, मेथी, तीळ, बदाम, सगळं एका बोटावर! आता मी कोणाला धरू? एका वेळी एकच नवीन द्या म्हणून घसा कोरडा केला, तो काय भिंतीसाठी? शिकलेले ना तुम्ही?"

आता एकेक जिन्नस दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांसमोर द्यायचा. तोवर डबा बंद. अंडं मात्र नेमाने द्या, सोडू नका म्हणाल्या. घरी आल्यावर मी दिलं तर थुंकली. त्या दिवशी तुमच्या हातून खाल्लं होतं.

चूक माझी. शेजाऱ्यांनाही आज तसं सांगितलं. तुम्हाला बोलवायला तोंड नाही, तरी या. डब्यात दोन मुठी ब्सीसा उरलाय. त्यातला अर्धा तुमचा. तो आहे हेही मी तुम्हाला कळू दिलं नव्हतं.

उद्या हरभऱ्याची पाळी. सिरीन झोपल्यावर मूठभर निवडले आणि भिजत घातले. फक्त हरभरे.

तुमच्या रौदाचा,
नौफल