शेवटचं काम उरलेली माणसं

बर्नाऊल, ११ मार्च १९८६

ती. वेन्यादादास, रायाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा नियम आम्ही दवाखान्यात लावला. ज्याचं एकच काम उरलंय, त्याला आधी घ्यायचं. तरी डॉक्टर आणि एक्स-रे, दोन्हीकडची गर्दी दर आठवड्याला वाढतेच आहे. तू लिहिलं होतंस, की कोणत्याच खोलीचं काम दिवसभरात उरकण्यापेक्षा जास्त नाही, तेव्हा रांग वाढली तर कुणीतरी झोपा काढतंय. हे गणित आहे, मत नव्हे, असंही त्यात होतं. मी ते भर सभेत वाचून दाखवलं. एक्स-रेवाले तीखनकाका त्याच सकाळी रिकामे बसून चहा पिताना दिसले होते. सभेतच त्यांना आळशी म्हणून मी जुन्या कागदांच्या खोलीत धाडलं. रिकाम्या बाकाचा फोटो काढायचा होता का, रायसा ल्वोव्ना, असं माझं पूर्ण नाव घेऊन एवढंच विचारून ते गेले.

आता एक्स-रेवर नवी मुलगी आहे, तरी तेच. दर अर्ध्या तासाला माणसं मोजून तक्ता पाठवते आहे. जाडजूड पुस्तकं लिहितोस, तर एवढं सांग. वहिनीला नमस्कार. माया असू दे.

तुझी राया

अकादेमगोरोदोक, १९ मार्च

चि. रायास अनेक आशीर्वाद.

तुझी मोजणीच चुकली, असं आधी दोन पानं लिहिलं होतं. ती फाडली.

तुमच्याकडे काहीजण एक्स-रे काढून डॉक्टरकडे जातात, काही डॉक्टरकडून एक्स-रेला. डॉक्टरकडे शेवटच्या कामाची माणसं दाटली, की तिथली नवी माणसं दाराशीच अडकतात. मग डॉक्टरकडून पुढे एक्स-रेकडे जाणार कोण? बाक रिकामा. पुढे ती अडकलेली सगळी एकदम एक्स-रेकडे लोटतात आणि डॉक्टर रिकामे. शेवटची कामं एका वेळी एकाच खोलीत चालतात, आणि दोन्ही खोल्यांची मिळून ती एका दिवसात मावत नाहीत. तीखनकाकांपर्यंत माणसं मीच पोचू दिली नाहीत.

हे असं होऊच शकत नाही, असं मी पुस्तकात सिद्ध करून छापलंय. एका विद्यार्थिनीनं शंका काढली, तेव्हा आधी बटाटे निवडायला शीक, असं भर वर्गात म्हणालो होतो. काल तिला भेटलो. तिनं उठून मला खुर्ची दिली. बसवेना.

माणसं आली तशी घ्या. सोबतचं माफीपत्र त्याच सभेपुढे वाच. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

वेन्या

बर्नाऊल, २ एप्रिल

ती. दादास शि. सा. न.

गर्दी ओसरली. तुझं माफीपत्र मात्र मी सभेत वाचलं नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि तीखनकाकांना एकट्याला गाठून दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून परत केलं. म्हणाले, आळशी म्हणताना तुमचा घसा खणखणीत होता.

उद्या दहाला पुन्हा सभा आहे. ते दाराशी उभे राहणार आहेत. दादा, उद्या वाचायच्या त्या माफीपत्रात तुझ्या नावाखाली माझंही नाव घातलं आहे.

तुझी राया