धूर न सोडणारे इंजिन

४ डिसेंबर
आमच्या लाँड्रीस वीज पुरविणारे डिझेल इंजिन आज निवृत्त झाले. त्याच्या जागी मुलाने नैसर्गिक वायूवरील इंजिन बसविले. धुराडे मात्र जुनेच ठेवले. इंजिनखोलीचा कारभार अर्थातच माझ्याकडे. मुलगा म्हणाला, बाबा, खोली सांभाळा, पण कशालाही हात लावू नका. बिघडलं तर कंपनीचा माणूस ठेवीन आणि तुम्ही घरी बसाल. मी मान डोलावली. मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे.

५ डिसेंबर
इंजिन धूर सोडत नाही. जे इंजिन धूर सोडत नाही ते पोटभर जेवत नाही, हे मी डिझेलवर उभी हयात घालवून शिकलो आहे. सूनबाईस दाखविले. ती म्हणाली, अहो बाबा, धूर नाही म्हणजे गॅस पूर्ण जळतोय. किती सोडायचा ते कॉम्प्युटर इंजेक्टरला सांगतो. मुलगी प्रेमळ आहे. अनुभव कमी.

६ डिसेंबर
गॅसचा दाब वाढविणारा स्क्रू सापडला. अर्धा फेरा दिला. हात लावला असे म्हणता येणार नाही, पान्याने फिरविला.

७ डिसेंबर
फरक नाही. सूनबाई कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी पुटपुटत होती की, दाब वाढतोय म्हणून कॉम्प्युटर इंजेक्टर कमी वेळ उघडतोय, पण दाब वाढतोय कशानं? मला ठाऊक होते. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. म्हणजे हा कॉम्प्युटर मी वाढलेले ताटातून काढून घेतो! आणखी एक फेरा. पाहू आधी कोण थकते.

९ डिसेंबर, सकाळी ७
विजय! कडाक्याच्या थंडीत धुराड्यातून पांढरा धूर. इस्त्रीवाल्यास दंडाला धरून दाखविला. तो म्हणाला, काका, वाफ आहे ती. इस्त्री करणाऱ्यास जगात सर्वत्र वाफच दिसायची. दोन फेरे दिले.

११ डिसेंबर
इंजिन सकाळपासून खोकत होते. सकस अन्न पचावयास वेळ लागतो, म्हणून दुर्लक्ष केले. दुपारी न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये साचून पेटला. प्रचंड आवाज. अखेर काळा धूर निघाला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. ती धुराड्यातली डिझेलच्या काळची काजळी होती, असे मुलगा म्हणतो. ती आमच्याकडे धुवायला आलेल्या रुग्णालयाच्या, वाळत घातलेल्या ओल्या चादरींवर बसली. रुग्णालयाचा माणूस म्हणाला, आमचे पेशंट आधीच घाबरलेले असतात हो.

१२ डिसेंबर
कंपनीचा माणूस आला. स्क्रू मागे फिरवून वर सील ठोकले. हे कोणी केले, असे त्याने विचारले. मुलगा काळ्या पडलेल्या चादरी मोजू लागला. बोलला असता तर बरे झाले असते. मी इंजिनाच्या उपासमारीचा विषय काढला. कंपनीचा माणूस हसून म्हणाला, काका, उपाशी कुठलं, कोंबून कोंबून अजीर्ण झालंय त्याला.

१४ डिसेंबर
कंपनीचा माणूस कायमचा ठेविला. मी घरी विश्रांती घेत आहे. हा माझाच निर्णय. लाँड्री भिंतीपलीकडेच असल्याने देखरेख चालूच आहे.

दुपारी जेवताना इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला. मला ठाऊकच होते! हात न धुताच चपला घातल्या. दारापर्यंत पोहोचलो तोच इंजिन पुन्हा सुरू झाले. सूनबाईचा फोन आला. म्हणाली, बाबा, फिल्टर बदलायला बंद केलं होतं, तुम्ही निवांत जेवा.

चपला काढल्या. जेवलो.