किंग्स्टनच्या फळ्या

कार्डिफ, ९ मे १९९२
रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात आजवर काही घडलेले नाही. तरीही हा आगाऊपणा करते आहे. वाचणारे कोणी असलेच, तर त्यांनी क्षमा करावी.

आज ईवामावशींच्या घरी आले. त्या मुंबईच्या बेने इस्राएल. त्यांचे दिवंगत यजमान मोझेसकाका जमैकातल्या किंग्स्टनचे ज्यू. काकांच्या त्या बंदराचा इतिहास मावशींना मराठीत लिहायचा आहे, पण आता डोळे साथ देत नाहीत. लेखनिक म्हणून माझे नाव लीड्सच्या मंजिरीताईने सुचवले. मावशींनी ओले खोबरे घातलेले पोहे पुढे केले. मी मान खाली घालून बशी संपवली. तेव्हा म्हणाल्या, "मंजिरीनं मुलगी पाठवलीय की पार्सल?" मला हसू आले. फार दिवसांनी बरे वाटले.

११ मे
खालच्या अभ्यासिकेत बोटभर वाळू साचली होती. म्हातारपणी झाडझूड होत नसेल, असे मी समजले. दिवेलागणीपूर्वी केर काढावा, ही आईची शिस्त. सगळी वाळू झाडून बिनमध्ये टाकली. कौन्सिलची गाडी ती घेऊनही गेली.

मावशी काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "बोर्डात पहिली आलीस ना गं तू? एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

किंग्स्टनच्या सिनेगॉगमध्ये जमिनीवर वाळू पसरतात, असे त्यांनी मग सांगितले. पूर्वजांना एके काळी लपून प्रार्थना करावी लागे. पावले वाजू नयेत म्हणून ही चाल. काकांनी ती या खोलीत आणली, पण कारण वेगळे होते. ते मावशींनी सांगितले नाही.

१८ मे
पहिले प्रकरण पूर्ण झाले. १६९२च्या भूकंपात पोर्ट रॉयल समुद्रात गेले. वाचलेल्यांनी समोरच्या किनाऱ्यावर किंग्स्टन वसवले. साखर बाहेर जाई, गुलाम म्हणून विकायला माणसे आत आणली जात. मावशींनी मध्येच काठीने जमीन दाखवली. हे घर बांधणाऱ्या कप्तानाने अभ्यासिकेच्या फळ्या तिथल्याच एका गोदामातून आणल्या, म्हणाल्या. गोदामाच्या तळघरात माणसे कोंडत. डोक्यावर मुकादम काठी आपटीत फिरे.

मावशींची काठी वाजते, तेव्हा फळ्यांखालूनही आता तसाच आवाज येतो. या घराला तळघर नाही.

२५ मे
मी अनवाणी चालते. तरीही माझ्या प्रत्येक पावलाला खालून उत्तर मिळते. मावशींना काठीवाचून उभे राहता येत नाही. घर सोडू या, म्हणून विनवले. चाळीस वर्षांचा संसार टाकून कुठे जाऊ, म्हणाल्या.

३१ मे
काकांची वाळू कशासाठी होती, ते आता कळले. जवळच्या बॅरीच्या किनाऱ्यावरून वाळू आणली, पसरली. सकाळी एक कण उरला नव्हता. फटींतून खाली ओढली गेली होती.

४ जून
खाली कोंडलेले ते मुकादमाला शोधत आहेत. त्यांना आवाज कळतो, माणूस नाही. मावशींची काठी आज फळीत टीचभर रुतली. लाकूड ओल्या मातीसारखे होते. उपसल्यावर पुन्हा टणक—

७ जून, सकाळ
मावशींचा पाय गुडघ्यापर्यंत फळीत गेला आहे. निघत नाही. खालून कोणीतरी धरले आहे. पोलिसांना फोन केला. कोणी धरले, असे विचारले. इंग्रजीत पहिला नंबर माझा, आणि मी फोन ठेवून दिला.

ताई, तुझा फोन कोणी उचलत नाही. ही पाने फॅक्सने पाठवते आहे. माणसे घेऊन ये. तुला पोचायला सहा तास लागतील, ठाऊक आहे. तरी ये.

मावशी म्हणाल्या, "आपण लिहिलंय ते वाच त्यांना. त्यांना कुणी सांगितलंच नसेल."

फळीला तोंड लावून वाचते आहे. मोठ्याने. १८३८, तुम्ही मुक्त झालात. ठोकणे थांबले. ऐकत आहेत. वाचणे थांबले की पाय आणखी खाली जातो, म्हणून वाचता वाचताच लिहिते आहे. १९०७, भूकंप, आग. मुकादम मेला, गोदाम मोडले. पकड सैल होते आहे, मावशी म्हणतात—

१९६२. जमैकाला स्वातंत्र्य. मावशींनी सांगितले ते इथेच संपते. पुढचे मला माहीत नाही, मावशींनाही सुचत नाही. खाली शांत आहे. सगळे वाट पाहत आहेत. घोटा अजून आत, ताई, एवढाच—

मी काहीतरी रचून सांगते—त्यांना कळले. रचलेले त्यांना कळते. पाय पुन्हा खाली जातो आहे. मावशी माझा हात—

फॅक्सवर छापलेली नोंद : पाठवले, रविवार, ७ जून १९९२, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे