एल्मस्टोकचा इतिहास आणि खोली नंबर एकतीसचं मत

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७

संकल्प : आजपासून रोज पहाटे पाच ते सात लेखन. ग्रंथाचं नाव नक्की केलं. 'इंग्लंडमधील एल्मस्टोक ग्रामीण जिल्ह्याच्या कौन्सिल-निवडणुकांचा साद्यंत इतिहास.' मराठीत या विषयावर एकही पुस्तक नाही. इंग्रजीतही नसावं.

फोर्टच्या फुटपाथवर त्या कौन्सिलच्या कामकाजाचे बांधीव खंड मिळाले. कोणी साहेब मायदेशी जाताना टाकून गेला असणार. रद्दीवाल्याने ते मासिकं उडू नयेत म्हणून वर ठेवले होते. किंमत कळणारा माणूस यायला दहा वर्षं लागली.

संयुक्त महाराष्ट्र होणार, होणारच. मग नव्या राज्यात गावोगाव कौन्सिलं निघतील आणि सरकार विचारील, या विषयातला माणूस कोण? रघुवीर दिघे, खोली नंबर एकतीस, वाडेकर बिल्डिंग, परळ. मॅट्रिक नापास, पण नापास झाल्यावर वाचलंय ते पास झालेल्यांनी वाचलेलं नाही.

सौ.ला (सरोजिनीला) वेळापत्रक सांगितलं. म्हणाली, "पहाटे पाचला खाली नळ येतो. तेव्हा तुम्ही लिहिणार, की कळशा आणणार?"

मुद्दा बरोबर आहे. लेखन सात ते नऊ.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सात ते नऊ दाढी, अंघोळ आणि पेपर यांतच जातात असं आढळलं. लेखन रविवारी सलग करावं. पहाटे जाग आली होती. सौ. तिसऱ्या मजल्यापर्यंत कळशी घेऊन आली तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता. डोळे मिटून पडून राहिलो. उठलो असतो तर तिला वाटलं असतं, आपल्यामुळे यांची झोप मोडली.

रविवार, १३ ऑक्टोबर

लेखन नाही. चौकात भाडेकरू मंडळाची सभा. आमचं मंडळ म्हणजे मालकाकडे गाऱ्हाणी नेणारं मंडळ. अध्यक्ष मनमोहन तळपदे, तळमजला. निवडणूक आजवर हात वर करून. तळपदे समोर उभे राहून कोणाचा हात वर नाही तेवढं बघतात, म्हणून ते दर वर्षी एकमताने.

मी उठून सांगितलं की एल्मस्टोकमध्ये गावकीच्या सभेतले हात आणि जिल्ह्याचं गुप्त मतदान यांत मोठा फरक होता. गुणाजी (तळमजला, गिरणीत साचेवाला, पक्का मालवणी) ओरडला, "भाऊनू, ता गाव खंय इला? कणकवलीच्या अलीकडे काय पलीकडे?" हशा.

पण अण्णा, आमचे रिटायर्ड पोस्टमास्तर, म्हणाले, मग दिघ्यांनाच नियम लिहू देत. टाळ्या. ज्ञानाला उशिरा का होईना मान मिळतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर

नियम तयार. एकूण चौतीस. ऑफिसात तीन दिवस दुसरं काही केलं नाही, माझ्यासारख्या हेडक्लार्कने असं करू नये याची टोचणी आहे. मुख्य नियम असे. मतदान गुप्त. खोलीमागे एक मत. ज्याच्या नावावर भाड्याची पावती, त्यानेच ते स्वतः येऊन द्यायचं. (कर भरणाराच मतदार, हे एल्मस्टोकचं जुनं तत्त्व.) वेळ नऊ ते बारा. बाराचा ठोका पडला की दार बंद, सबब चालणार नाही.

सौ.ने वाचले. "पावत्या सगळ्या पुरुषांच्या नावावर आहेत. यशोदाबाईंची तेवढी त्यांच्या नावावर, ती त्या विधवा म्हणून."

म्हटलं, तत्त्व तत्त्व असतं.

म्हणाली, "पाणी कोण भरतं, तेवढं तत्त्वात बसत नाही वाटतं."

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीत पाहुणे. लेखन नाही.

आज धक्का. सौ. अध्यक्षपदाला उभी राहतेय! उमेदवाराला पावती लागते असा नियम मी लिहायला विसरलो. चौतीस नियमांत एक भोक राहिलं, आणि ती बरोबर तिथून आत आली. तिचं मागणं एकच. गच्चीवर टाकी बसवायची आणि वरच्या तिन्ही मजल्यांना नळ. प्लंबर बघून गेला, पाणी चढतं म्हणाला. तळपदे म्हणतात, चढत नाही. नळ त्यांच्या दारातच आहे.

तिने माझ्याकडे एवढंच मागितलं : "प्रचार नको. भाषण तर नकोच. त्या दिवशी खाली जाऊन आपल्या खोलीचं मत तेवढं घाला. ते मला घालता येत नाही."

वचन दिलं. हातावर हात ठेवून दिलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

बायका गॅलऱ्यांतून फिरताहेत. सौ. यशोदाबाईंना घेऊन खोलीखोलीत जाते, आणि नवरा जेवायला बसलेला असतानाच जाते. तिचं वाक्य चाळभर झालंय : "रशियाने आकाशात चंद्र चढवला, आणि आपलं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही?" वाक्य बरं आहे. तिला सुचवलं की एल्मस्टोकच्या विहिरीचं १९०२ सालचं प्रकरणही घे. तिने माझ्या पानात आमटी वाढली.

प्रचारात न पडण्याचा माझा निश्चय पक्का आहे. इतिहासकार तटस्थ हवा. तळपद्यांनाही जिन्यात मी हेच सांगितलं. ते खूष झाले, खांद्यावर हात ठेवला. का कुणास ठाऊक, तो खांदा दिवसभर जड वाटत होता.

बुधवार, २७ नोव्हेंबर

त्या खांद्याचं प्रायश्चित्त म्हणून मोठा विचार केला. ग्रंथाला खास प्रकरण जोडायचं : 'कौन्सिलातील स्त्रिया'. एल्मस्टोकच्या पहिल्याच कौन्सिलात एक बाई होती, मिसेस हॅरिएट पॉट्स. हे प्रकरण सौ.ला वाचून दाखवीन. मतापेक्षा ही मदत मोठी.

अडचण : माझ्या खंडांवरून बाई मतदानाने आली की जागा रिकामी झाल्यावर नेमली गेली, हे कळत नाही. दादरला अच्युत प्रधानाकडे इंग्लंडच्या स्थानिक कारभाराची जुनी पुस्तकं आहेत. विचारायला हवं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

गुणाजी आणि गिरणीतली मंडळी ट्रकने प्रतापगडाला निघाली, उद्या पुतळ्याच्या अनावरणाला येणाऱ्या पंतप्रधानांना संयुक्त महाराष्ट्रासाठी काळे झेंडे दाखवायला. सौ.ने त्यांना दशम्या बांधून दिल्या. गुणाजीचं मत तिच्या बाजूचं, म्हणून तिने विचारलं, रविवारी बारापर्यंत पोचाल ना? तो म्हणाला, "वयनीनू, ट्रक नाय गावलो तर धावत येतंय."

मलाही चला म्हणाले. ग्रंथ अर्धा असताना जाणं बरं दिसलं नसतं. (अर्धा म्हणजे, आराखडा अर्धा.)

रविवार, १ डिसेंबर. सकाळी ८

आज मतदान. धुतलेला शर्ट. नऊला रांग असणार, आणि उमेदवाराचा नवरा रांगेत पुढे घुसला असं दिसायला नको. तेवढ्या वेळात दादरला जाऊन मिसेस पॉट्सचा निकाल लावतो. परळ ते दादर म्हणजे काय, ट्रामने गेलो आणि आलो. दहाला परत.

सौ. जिन्याशी उभी होती. पदर खोचलेला होता.

रविवार, १ डिसेंबर. दुपारी १

सविस्तर लिहितो, म्हणजे दोष कोणाकडे किती ते कळेल.

अच्युत पूजेत होता. मग पोहे. नको कसं म्हणणार? मग पुस्तक सापडेना. सापडलं तर अच्युत म्हणाला, "बाई नेमलेली होती रे रघू, निवडलेली नाही." हा सरळ चुकीचा दावा. पुरावा काढून त्याला गप्प करणं भाग होतं. एका तळटीपेत सापडला. मिसेस पॉट्स रीतसर मतदानाने, सतरा मतं पडून निवडून आल्या! अच्युतने कान पकडले. असा विजय माझ्या आयुष्यात क्वचितच.

मग त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

ट्राम भरलेली. खोदादाद सर्कलपासून चालत, मग पळत. चौकात पोचलो तेव्हा अण्णा मतदानाच्या खोलीला कडी घालत होते. म्हटलं, अण्णा, एकच मिनिट. अण्णांनी माझेच नियम चष्म्याजवळ धरून वाचले. "'बाराचा ठोका पडला की दार बंद, सबब चालणार नाही.' नियम छान लिहिलाय हो, दिघे. पोस्टात असता तर वर चढला असता."

ओट्यावर गुणाजी बसला होता, घसा बसलेला, चेहऱ्यावर घाटाची धूळ. वेळेत येऊन मत घालून बसला होता. "भाऊनू," त्याच्या गळ्यातून नुसता वाराच येत होता, "मी परतापगडाक जावन इलंय. तुमी खंय गेल्लास?"

"दादरला," म्हटलं. त्याने हसण्याचा प्रयत्न केला, पण आवाज नव्हता.

वर आलो. सौ.ने विचारलं, "घातलंत?"

म्हटलं, मतदान गुप्त असतं, असं विचारू नये.

तिने जेवायला वाढलं. पाटवड्यांची आमटी, माझ्या आवडीची. पोटात अच्युतचे पोहे होते तरी दोनदा घेतली. नाही घेतली असती तर संशय आला असता.

रविवार, १ डिसेंबर. संध्याकाळी

तळपदे बावीस. सरोजिनी दिघे एकवीस.

सोमवार, २ डिसेंबर

रजा. डोकं दुखतंय.

नीट विचार केला असता माझा दोष थोडा दिसतो. माझं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, विजय नव्हे. बरोबरीत चिठ्ठी टाकायची, नियम एकोणतीस. चिठ्ठी तळपद्यांचीही निघाली असती. म्हणजे नुकसान अर्ध्याच मताचं.

पहाटे अर्ध्या मताचा श्वास जिन्यावरून ऐकू आला.

गुरुवार, ५ डिसेंबर

पहाटे उठून मीच खाली गेलो. कळशी भरली. दुसऱ्या मजल्यावर दम लागला, टेकलो. यशोदाबाई दारात होत्या. "काय हो दिघे, इतिहास जड झाला वाटतं?" म्हणाल्या. वर पोचेपर्यंत कळशी अर्धी. सौ.ने ती घेतली आणि म्हणाली, "राहू द्या. जिना ओला होतो. कोणी घसरेल."

रविवार, ८ डिसेंबर

सहन होईना. 'कौन्सिलातील स्त्रिया' तिला वाचून दाखवायला बसलो. बेत असा, की मिसेस पॉट्सपाशी आल्यावर ओघात सगळं सांगून टाकायचं. पहिलं पान झालं. सौ. तांदूळ निवडत होती.

"त्या बाईचा नवरा काय करायचा?" तिने विचारलं.

खंडांत उल्लेख नाही, म्हटलं.

"घरीच असेल मग. मत घालायला."

मी वही मिटली. तुला कोणी सांगितलं, विचारलं. अण्णांनी त्याच दुपारी, मी ओट्यापाशी थांबलो तेवढ्यात, वर निरोप पाठवला होता. म्हणजे पाटवड्या वाढताना तिला ठाऊक होतं. मी रडवेला झालो, हे लिहायला लाज नाही. म्हटलं, सरू, तू हरलीस ती माझ्यामुळे.

तिने ताट बाजूला ठेवलं. "तुमच्यामुळे नाही हो. मी आपली खोली धरलीच नव्हती. यशोदाबाईंबरोबर हिशेब केला तेव्हा आपलं मत पहिल्या दिवसापासून गळालेल्यांत घातलं होतं. मला वाटलं होतं चौदा नंबरचा धोंडू येईल, निदान बरोबरी होऊन चिठ्ठी तरी पडेल. तो दारू पिऊन झोपला."

धोंडूवर तिचा भरवसा होता.

मग ताट परत पुढे ओढून, अगदी साध्या आवाजात : "पावती माझ्या नावावर करून द्या. ग्रंथ तुमच्याच नावावर राहू दे."

शनिवार, ४ जानेवारी १९५८

जानेवारीचं भाडं भरायला गेलो आणि मालकाच्या मेहताला, म्हणजे भाड्याच्या कारकुनाला, पावतीवरचं नाव बदलायला सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाला, "साहेब, लोक मेल्यावर बायकोच्या नावावर करतात. तुम्ही तर चांगले दिसता." म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. सही केली. शाई पसरली, पण वाचता येते.

हे पाऊल ऐतिहासिक आहे. एल्मस्टोकमध्ये एवढ्या वर्षांत असं कोणा पुरुषाने केल्याची नोंद नाही. शेवटच्या प्रकरणात तळटीप घालता येईल. लेखन उद्यापासून, पहाटे.

रविवार, ५ जानेवारी

पहाटे लेखन नाही. थंडी.

दहाच्या सुमारास तळपदे स्वतः तीन जिने चढून आले, धापा टाकत. एका मताने वाचल्यापासून माणूस मऊ झालाय. गच्चीवरच्या टाकीचा अर्ज मालकाकडे नेतोय म्हणाले, खोलीमागे एक सही हवी, मतासारखीच. मी दारातच खुर्चीवर होतो. हा अर्ज कसा असावा याबद्दल मला बरंच सांगण्यासारखं होतं. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, हात पुढे केला.

तळपद्यांनी नमस्कार केला. माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं,

"वहिनी आहेत का घरात?"