किल्ली निघाली म्हणजे

९ नोव्हें., रविवार
नणंदेकडे मढला जेवायला गेलो आणि नानांचा पाय मोडून परत आलो. गाडी अंगणाच्या उतारावर लावली. उतरले, किल्ली पर्समध्ये टाकली, आत जाऊन पाणी पीत होते तर बाहेर ओरडा. गाडी खाली गेलेली, आणि खालच्या ओट्यावर नाना, माझे सासरे, पाय खाली सोडून बसलेले. डावा घोटा. नारायणगावला प्लास्टर. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पहिल्यासारखे चालतील का ते आत्ताच सांगता येत नाही.

सगळ्यांचं एकच. "न्यूट्रलमधे सोडली आसंल."

कशी सोडेन? गिअरचा दांडा P वर, म्हणजे पार्कवर, नेल्याशिवाय या ऑटोमॅटिक गाडीची किल्ली निघतच नाही. चार वर्षं चालवतेय. किल्ली माझ्याजवळ होती, म्हणजे गाडी P मध्ये होती. मग हलवली कोणी?

१० नोव्हें.
किल्ली खुंटीवर नाही. ह्यांच्या शर्टाच्या खिशात. "काही दिवस राहू दे, जरा सावर." मला सावरायचं काय? गुडघ्यानं क्लच दाबवत नाही म्हणून तर ऑटोमॅटिक घेतली. आज कळंबहून मंचरपर्यंत एसटीत उभी. शाळेचा जिना चढताना डोळ्यांत पाणी आलं. किल्ली गेली की माझी नोकरीही गेली, हे ह्यांना कळत नाही असं थोडंच आहे?

संध्याकाळी गाडीचं पुस्तक काढून वाचलं. दांड्याशेजारी एक बारीक झाकण असतं. आत टोकदार काही खुपसलं की बंद गाडीतही दांडा P वरून सुटतो. काच उघडीच होती. आणि नणंदेचे यजमान, बबनराव, जीप चालवतात. गाड्यांतलं त्यांना सगळं कळतं. वासरू बांधायचंय, गाडी मागं घ्या, असंही बबनरावच म्हणाले होते.
बघू.

१२ नोव्हें.
बबनरावांचा फोन. नानांची चौकशी. इतका गोड आवाज कशाला? मी तुटक बोलले. त्यांना वास लागला.
"वैनी, म्या गाडीला हात बी न्हाई लावला. उलट दगड लावा म्हन्लो व्हतो चाकाला."
म्हणाले होते, खरं आहे. मढला कोणीही गाडी उभी केली की आधी चाकामागे दगड, मग रामराम. मी हसले होते. "ही ऑटोमॅटिक आहे, तुमच्या जीपसारखी नाही." हँडब्रेकही ओढला नव्हता. P असल्यावर कशाला, म्हणून.
तरी संशय जात नाही.

१५ नोव्हें.
नानांचं अंग पुसत होते. मी काही विचारलं नव्हतं, आपणच बोलले.
"बबनवर आळ घिऊ नको. त्यो माज्यापाशी तमाखू मळत बसला व्हता. गाडीपाशी कुनीच नव्हतं."
कोणीच नव्हतं तर उरलं कोण? मीच. दिवसभर तोंडात घास गेला नाही.

१६ नोव्हें., रविवार
हे आंघोळीला गेले, तेवढ्यात शर्टातून किल्ली काढली. आपल्याच घरात चोरटी. अंगण सपाट, तरी चाकामागे वीट ठेवली. गाडी चालू केली, ब्रेक दाबून D टाकला, बंद केली, किल्ली ओढली.
निघाली.
परत R वर. निघाली. N वर. निघाली.

आता सगळं आठवतंय. वासरासाठी गाडी मागे घेतली. नणंदेनं पिशव्यांसाठी हाक मारली. तशीच बंद केली, किल्ली ओढली. दांड्याकडे मी कधी बघतच नाही. किल्ली निघाली म्हणजे झालं, ही माझी खूण. गाडी R वर, रिव्हर्समध्येच राहिली असणार.
म्हणजे चूक माझीच. पण ही चूक गाडी मला करू देत नव्हती. कधीपासून द्यायला लागली?

१८ नोव्हें.
मधल्या सुट्टीत आळेफाट्याला गोरख मिस्त्रींना फोन लावला. गाडीचं काम त्यांच्याकडेच असतं. किल्ली कुठल्याही गिअरमध्ये निघतेय म्हटलं.
"निघनारच की म्याडम. दसऱ्यानंतर सायेब आले व्हते, किल्ली अडाकली म्हनून. दांडा खोलला तर आत साखर, कुकू, खोबऱ्याचे तुकडं. मुंग्या व्हत्या राव! खटका पार चिकाटला व्हता. पार्ट याया टाइम लागनार, तर सायेब म्हन्ले, ती किल्ली अडवनारी केबलच काढा. म्या सांगितलं व्हतं, घरी सगळ्यांच्या कानावर घाला."

खंडेनवमीला गाडीची पूजा मीच केली. स्टेअरिंगला कुंकू लावलं, मग दांड्याला नको का, म्हणून त्यालाही. वर नारळाचं पाणी, खोबरं, साखर. भक्ती उतू चालली होती. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले, चार दिवस. तेवढ्यात ह्यांनी हे काम उरकलं. माझ्या कानावर काही आलं नाही.

१९ नोव्हें.
भावकीतले दोघं नानांना बघायला आले. चहा देत होते. हे म्हणाले, "हिनं न्यूट्रलमध्ये सोडली, दुसरं काय." माझ्यासमोर. डोळ्याला डोळा न देता.
विसरले असतील? केबल आणि पाय यांचा संबंध लागला नसेल? कालपासून, ह्यांना कळलं नसेल, विसरले असतील, असं मनाला सांगून बघतेय. पण मग किल्ली खिशात का? मी गाडीत बसले की मला कळेल, म्हणूनच ना?
राग येतोय. त्याहून जास्त भीती वाटतेय, की विचारलं तर हे खोटं बोलतील आणि मला ते ऐकावं लागेल.

२३ नोव्हें., रविवार
सकाळी मिस्त्रींचा फोन ह्यांना. पार्ट आला. मी शेजारीच होते. "कुणाचा फोन?" विचारलं. "असाच." अजूनही असाच.

दुपारी नाना उठून बसले. मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवत होते. हे दारात उभे. नाना प्लास्टरकडे बघत म्हणाले, "खरं सांगा गं पोरांनो, कुनाच्या चुकीनं मोडला ह्यो? मला काय करायचं न्हाई, निस्तं कळू द्या."
मी म्हटलं, "माझ्या, नाना. मी गाडी रिव्हर्समध्ये सोडली. दगडही लावला नाही."
आणि थांबले. ह्यांच्याकडे बघत. नानाही मान वळवून बघायला लागले.
ह्यांनी नानांचा रिकामा कप उचलला आणि आत गेले. बराच वेळ नळ चालू होता.