समोरच्या दाराची बारा चित्रे

मी, राजाराम सखाराम धुरी, वय वर्षे त्रेपन्न, सरकारी कचेरीत नकाशे काढणारा, राहणार अँटॉप हिल, सरकारी वसाहत, दुसरा मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. काळजाबद्दल डॉक्टर तसे म्हणत नाहीत, म्हणून ही घाई.

राहते घर सरकारचे, ते सरकारला. पत्नी अंबिका इथे आल्याच्या पहिल्या वर्षीच गेली. मूलबाळ नाही. तिच्या पाटल्या व पोस्टातली शिल्लक माझी बहीण रखमा हिला द्यावी. तिच्या नवऱ्याला आधी कळवू नये. मागाहून कळल्यावर तो आदळआपट करील, करू दे.

रंग, कुंचले व चित्राचा स्टँड मी आधी राहत होतो त्या घोडपदेवच्या चाळीतला माझा शेजारी दौलत तांबे याला. छप्पन साली त्याने संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचा फलक रंगवून मागितला. नोकरी जाईल म्हणून मी नाही म्हटले. "मेल्या, टेकडीवर गेलास नि साहेब झालास काय रे?" म्हणाला, तेव्हापासून अबोला. चूक माझीच होती. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून येथे लिहिले. कुंचले घेताना त्याने शिव्या घातल्यास माझी हरकत नाही.

आता चित्रे. एकूण बारा, बाराही समोरच्या बिऱ्हाडाच्या बंद दाराची. चाळीत दार लागायचे ते निजताना. कुणी गेले तर घटकाभरात साऱ्या चाळीला कळायचे. इथेही मी दार सताड उघडे ठेवतो, सुट्टीला उंबऱ्यातच स्टँड लावून बसतो. समोरचे दार मात्र फटीएवढे उघडते, भाजीची पिशवी आत जाते, की धाड्! उद्या मी मरून पडलो तर कळणार कुणाला? ही धास्ती जिवाला स्वस्थ बसू देत नाही. तीच बारा वेळा रंगवली. चित्रे दादरला एखाद्या सभागृहात मांडावीत. इथे कसली माणसे राहतात ते लोकांना दिसू दे!

येथवर लिहून साक्षीदार शोधायला उठलो. दोन हवेत. तीन वर्षे झाली, या जिन्यावर राहणाऱ्या एकाचेही नाव ठाऊक नाही. अखेर समोरचेच दार वाजवले. बाईंनी उघडले, नाव मीराबाई. कागद उभ्याउभ्याच वाचला आणि चित्रांपाशी थांबल्या.

"अहो, तुम्ही दार उघडं टाकून आमच्याकडे टक लावून बसता. घरात वयात आलेली पोर आहे माझी. दार लावू नको तर काय करू?"

 ज्यांना मी माणूसघाणे ठरवले, त्यांना मीच घरात कोंडले होते.

आतून त्यांचे यजमान शामराव म्हणाले, "अगं, त्यांना बसू तरी दे. पाणी आण."

सबब प्रदर्शनाचे कलम रद्द. चित्रांचे काय करायचे ते मीराबाई ठरवतील. बंबात घातली तरी चालतील.

त्यांनी एक अट घातली, ती मला मान्य आहे. आजपासून मी दार लावून घ्यायचे. रोज सकाळी आठाला त्या येऊन वाजवतील. मी उघडले नाही, तर शामराव कडी तोडतील.

अँटॉप हिल, मुंबई. रविवार, ता. ९ नोव्हेंबर १९५८.
(सही) रा. स. धुरी

धुरी यांनी वरील सही आमच्या देखत, आमच्या घरात बसून केली.
साक्षीदार : १) शामराव केशव खानविलकर
२) मीराबाई शामराव खानविलकर