हौदाचे डोहाळे

३ मे
मिळाली बाई एकदाची नोकरी. नाबुल गावाजवळचं समुद्राकाठचं संग्रहालय, खिडकीत बसून तिकिटं फाडायची. सातवा सरत आलेल्या बाईला आणखी काय हवं? आवारात प्युनिक लोकांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांच्या, घरांचे पाये आहेत आणि त्यांच्या पलीकडे रोमनांचे मासळी खारवायचे हौद. माशांची आतडी मिठात, उन्हात कुजवून त्याचा रस काढायचे आणि मिटक्या मारत खायचे म्हणे. पाटी वाचूनच मळमळलं. आता हौद ठणठणीत कोरडे आहेत. झाडलोट करणाऱ्या मबारकामावशींनी मला घरची भाकरी नि ऑलिव्ह खायला घातले.

९ मे
कोपऱ्यातल्या हौदातून वास येतो. सडक्या मासळीचा, घशाला चिकटणारा. दुसऱ्या कुणालाच येत नाही. माझा नवरा रिदा म्हणतो, मासळीबाजारात लहानाची मोठी झालीस, आता कसली नाकं मुरडतेस. मावशी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोटुशीला वास आला की ती वस्तू चाखायचीच, नाहीतर बाळाच्या अंगावर तिचा डाग उठतो. खरंच आहे. आईची तुती खायची राहिली, म्हणून माझ्या गालावर हा जांभळा डाग. शाळेत काय काय ऐकलंय मी त्यापायी.

१६ मे
ताजी सार्डिन मासळी भाजून खाल्ली. हा तो वास नव्हे. तोंडाला पाणी सुटतं आणि तेव्हाच ओकारीही येते. शी.

२० मे
हौदाचा तळ ओला झालाय. तपकिरी, तवंग आलेला चिकटा, त्यात बारीक हाडं. माशांची वाटत नाहीत. पण माझ्या बाळाला डाग नको. एक बोट बुडवलं, चाटलं. ओकले. मग पुन्हा चाटलं.

२ जुलै
मुलगा झाला. मावशींनी उलटासुलटा करून पाहिला. डाग एकही नाही. आनंदानं रडले.

५ जुलै
दूध तोंडात धरत नाही. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. त्याच्या तोंडाला तोच वास. माझंच लेकरू, आणि जवळ घेतलं की मला किळस येते. त्याची मान सारखी घरच्या खिडकीकडे — हौदांच्या दिशेला —

७ जुलै
सुकत चाललाय. ओठांवर मीठ —

८ जुलै
आज संग्रहालय बंद. किल्ली माझ्याकडे. हौद काठोकाठ भरलाय. इथे येताच रडायचा थांबला, तोंड उघडलं. बोटभर चाटवते, बस, तेवढ्यानं जगेल. वही कठड्यावर, एका हातानं लिहितेय. खालूनही लहान लहान तोंडं — उघडी — ज्या हातात बाळ आहे तो बुळबुळीत —